मुली पीएचडी अर्धवट का सोडतात? आधी पंचांग उघडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख लिहितात: एमएस्सीचा पाऊण वर्ग मुलींचा असतो. सहा वर्षांत पीएचडीला नऊ मुली आणि चार मुलगे नोंदवले. मुलगे चारही टिकले, मुलींपैकी पाच जणी मधेच थांबल्या. संस्थाचालक म्हणतात, ११ फेब्रुवारीला, विज्ञानातल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, एखाद्या नामवंत बाईंचं व्याख्यान ठेवा, मुलींना प्रेरणा मिळेल. सरांना ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही. शेवटी त्यांनी एक वाक्य प्रामाणिकपणे लिहिलंय: ‘मुलींना पहाटे खाडीत पाठवायला पालक घाबरतात, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.’

सर, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे.

प्रेरणेचा मुद्दा आधी बाजूला करू. वस्तीच्या एसटीने दोन वर्षं ये-जा करून एमएस्सी केलेली, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत देऊन नोंदणी मिळवलेली मुलगी प्रेरणेअभावी थांबत नाही. देशाचे आकडेही तेच सांगतात. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२१-२२ साली विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यात २९.८ लाख मुली, म्हणजे मुलग्यांपेक्षा जास्त. मुली दारातून आत येतात. गळती आतल्या खोल्यांमध्ये आहे. तेव्हा विचारायचं ते असं: कोण, कोणत्या पायरीवर, नोंदणीनंतर कितव्या महिन्यात आणि नेमकं काय घडल्यावर थांबली?

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. महाविद्यालय अनुदानित की विनाअनुदानित, मान्यताप्राप्त संशोधन केंद्र तुमच्याच आवारात आहे की मार्गदर्शक दुसऱ्या गावी, मुंबई विद्यापीठाचे नियम लागू की दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे, मुलीला फेलोशिप आहे की ती तासिका तत्त्वावर शिकवून पोट भरतेय, यानुसार उपाय बदलतील. प्राचार्य सही करायला तयार आहेत की नाहीत, यावर तर सगळ्यात जास्त.

पहिलं काम एका दुपारचं आहे. नऊ मुली आणि चार मुलगे, तेरा ओळींचा तक्ता करा. नोंदणीची तारीख, कोर्सवर्क संपल्याची तारीख, पहिल्यांदा स्वतः नमुने आणल्याची तारीख, प्रगती अहवालांच्या तारखा, प्रयोगवहीतली शेवटची नोंद. लग्न, बाळंतपण, सासर यांचे रकाने करू नका. तो विचारपूस करण्याचा विषय नाही, आणि ते रकाने केले की माणूस तिथेच उत्तर शोधायला लागतो. तिसऱ्या रकान्याकडे नीट बघा. माझा अंदाज, मुलग्यांची ती तारीख कोर्सवर्कनंतर तीन-चार महिन्यांत येईल आणि मुलींची वर्षभराने, किंवा रकाना कोराच राहील.

असं का होतं ते सांगतो. तुमच्याकडचे विषय तिसऱ्या (शिंपल्या), कालवं, खेकडे, खाजणातल्या, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या दलदलीतल्या चिखलातले किडे आणि गोगलगायी, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, असेच असणार. यातलं निम्मं काम सुकतीला, म्हणजे पाणी पुरतं ओसरलेलं असताना करायचं असतं. आणि सुकतीचं गणित किनाऱ्यावर सगळ्यांना येतं: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराला, म्हणजे सुकती पहाटे साडेपाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी त्याच सुमारास. उधाणाला पाणी खोलवर उतरतं म्हणून मार्गदर्शक सहज सांगून जातात, ‘अमावास्येला जाऊन ये.’ मोजणीसाठी पट्टे आखून चौकटी टाकायच्या तर सुकतीच्या दीड तास आधी जागेवर हवं. म्हणजे काम चारला सुरू, हॉस्टेल तीनला सोडायचं. फाटक उघडतं सहाला. पहिली एसटी त्याच्याही नंतर. मुलगा मित्राची बाइक मागून जातो. मुलीला सांगितलं जातं, ‘तू राहू दे, तो आणेल नमुने.’ मग ती प्रयोगशाळेत बसून दुसऱ्याने आणलेला चिखल चाळते, त्याच्या शोधनिबंधात तिसरं नाव मिळवते आणि दोन वर्षांनी तिच्याकडे स्वतःचा म्हणावा असा डेटा नसतो. प्रगती अहवालात मात्र ‘घरगुती अडचण’ एवढंच येतं.

आता पंचांग काढा. उधाणाचा जोर नेमका अमावास्येला किंवा पौर्णिमेला नसतो, तो साधारण एक-दोन दिवस मागून येतो. द्वितीयेला भरती दीडला, सुकती सकाळी पावणेआठच्या आसपास. तृतीयेला भरती सव्वादोनला, सुकती साडेआठच्या आत-बाहेर. चतुर्थीला नऊ वाजून जातात. तृतीया धरली तर सातला चिखलात उतरायचं आणि सहाला हॉस्टेल सोडायचं. उजाडलेलं असतं, वाड्यांमध्ये माणसं उठलेली असतात, होड्या लागत असतात. पाणीही अमावास्येइतकं किंवा जवळपास तितकंच उतरतं. पंचमीनंतर ते उतरेनासं होतं आणि अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी, असल्यावर खालचा पट्टा उघडा पडतच नाही, म्हणून पंचमीच्या पुढे जाऊ नका. पंधरवड्याला तीन, महिन्याला सहा चांगल्या सकाळी मिळतात. मासिक नमुन्यांना त्या पुरून उरतात. पाऊणपटीचा हिशेब बंदरागणिक थोडा मागेपुढे होतो आणि खाडीत आत जावं तशी सुकती उशिरा लागते, तेव्हा पक्की वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या आणि तुमच्या जागेचा उशीर एकदा काठी रोवून मोजून ठेवा.

थोडक्यात, ‘मुलींना रात्री पाठवायचं का’ हा वाद बऱ्याच वेळा तिथी न बघता घातला जातो.

तरीही अगदी खालच्या पट्ट्यासाठी प्रतिपदा-द्वितीया लागेलच, आणि दर तीन तासांनी नमुने घेत २५ तासांचं पूर्ण भरतीचक्र मोजायचं असेल तर रात्र टळत नाही. त्यासाठी सत्राच्या सुरुवातीला एक पानी तक्ता काढा: तारीख, तिथी, सुकतीची वेळ, जागा, निघण्याची वेळ, परतण्याची वेळ, सोबत कोण. प्राचार्यांची सही घेऊन त्याची प्रत हॉस्टेलच्या रेक्टर मॅडमना, एक फाटकावरच्या वॉचमनला, एक जीपच्या ड्रायव्हरला. दर वेळी अर्ज, दर वेळी विनवणी, हे बंद व्हायला हवं. मुली हळूहळू विचारणंच सोडून देतात ते या रोजच्या विनवणीला कंटाळून. जीप हॉस्टेलच्या दारातून निघाली पाहिजे, ‘तुम्ही जेटीवर या’ नको. जीपचं भाडं आणि सोबतच्या मदतनिसाची मजुरी संशोधन प्रकल्पाच्या अर्जातच प्रवास आणि क्षेत्रकार्याच्या खर्चात धरा. नंतर मागितलं तर कोणी देत नाही.

सुरक्षेचे नियम सगळ्यांना एकच ठेवा. एकट्याने कोणीच उतरायचं नाही, मुलग्यानेही नाही. सुकती लागून पाऊण तास झाला की सगळे बाहेर. भरतीच्या पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा पाणी येतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन. म्हणूनच ‘अजून बराच वेळ आहे’ असं वाटत असताना गुडघाभर चिखलातल्या माणसाची पंचाईत होते, आणि पाणी मुलगा-मुलगी बघत नाही. पालकांचं संमतिपत्र फक्त मुलींकडून घेत असाल तर ते आजच थांबवा. तेवीस वर्षांची संशोधक सज्ञान आहे. घरी कळवायचं असेल तर तेराही जणांच्या घरी एकच पत्र जाऊ दे.

दोन बारीकशा गोष्टी, ज्या कुठल्याच धोरणात लिहिलेल्या नसतात. एक, गमबूट. भांडारात आठ-नऊ नंबरचे चार जोड असतात. पाच नंबरच्या पायात तो बूट चढतो, पण खाजणात तिसऱ्याच पावलाला चिखल बूट ठेवून घेतो आणि पाय मोकळा वर येतो. मग मुलगी अनवाणी चालते, कालवांच्या धारेने तळवा कापतो आणि ‘मुलींना जमत नाही’ हे सिद्ध होतं. चार, पाच, सहा नंबरचे दोन-दोन जोड मागवा. हातमोजे आणि लाइफ जॅकेटही लहान मापाचे घ्या. दुसरी गोष्ट, स्वच्छतागृह. चार-पाच तासांच्या फील्डला जाताना मुली आदल्या रात्रीपासून पाणी पिणं कमी करतात. एप्रिलच्या उन्हात त्याने चक्कर येते, आणि वारंवार झालं की लघवीचा संसर्ग ठरलेला. नमुन्यांची जागा ठरवताना जवळची शाळा, ग्रामपंचायत किंवा वाडीतलं एखादं घर आधी बोलून ठेवा आणि सुकती-तक्त्यात तो रकाना घाला. जागा दोनशे मीटर सरकवल्याने संशोधनाचं काही बिघडत नसेल तर खुशाल सरकवा.

बोटीचा प्रश्न थोडा वेगळा. कामाच्या ट्रॉलरवर संडास नसतो, आणि काही ठिकाणी बाई बोटीवर चढणं तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, रुचत नाही. इथे भांडत बसण्यापेक्षा आधी बघा की बोटीवर जाणं खरंच लागतं का. जातींची नोंद, लांबी-वजन, पोटातलं अन्न, गाभोळीची अवस्था यांसाठी मिरकरवाडा किंवा हर्णैला मासळी उतरते तिथेच नमुने मिळतात, आणि तिथे लिलावात बायकांचंच राज्य असतं. बोट लागणारच असेल तर सकाळी जाऊन दुपारी परतणारी फेरी ठरवा, केबिन असलेली बोट भाड्याने घ्या, दोन मुली एकत्र पाठवा, आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात काम अडणार हे धरून वर्षाचं नियोजन करा. ‘बायकांना समुद्रावर कसं न्यायचं’ असं कोणी म्हणालंच तर सांगा, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला जाऊन आल्या. त्यांच्यासोबत सुदीप्ता सेनगुप्ता होत्या.

फील्ड म्हटलं की लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा विषय येतो. २०१३ च्या कायद्यात कामाच्या निमित्ताने जाण्याची जागा आणि तिथवर नेणारं संस्थेचं वाहन हे दोन्ही कामाचं ठिकाण धरलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीत फील्ड ट्रिप आणि अभ्याससहलीही आवारातच मोडतात. म्हणजे जीप, जेटी, बोट, मुक्कामाची खोली, सगळं आलं. समितीच्या अध्यक्ष वरिष्ठ महिला हव्यात, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरचा एक सदस्य लागतो, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर विद्यार्थी प्रतिनिधीही. प्राचार्य, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी त्यात बसायचं नाही. तुम्हीही नाही, सर. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. चौकशी ९० दिवसांत. लहान गावात खरी अडचण बाहेरच्या सदस्याची असते. तालुक्याच्या ठिकाणी सगळेच एकमेकांचे पाव्हणे. संस्थेच्या कार्यकारिणीतल्या कोणाची बहीण ‘बाहेरची’ म्हणून बसवली की मुली समितीकडे फिरकतच नाहीत. दुसऱ्या तालुक्यातली, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातली व्यक्ती घ्या आणि तिचा प्रवासखर्च द्या. समितीचे फोन नंबर फील्डच्या तक्त्याच्या पाठीवर छापा. भिंतीवरच्या फलकापर्यंत कोणी जात नाही.

फील्डबद्दल एवढं पुरे. आता वेळ आणि कागद. तुमच्या पाचांपैकी दोघी तरी इथे अडकल्या असाव्यात.

आयोगाच्या पीएचडीच्या २०२२ च्या नियमावलीत मुदत सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात, आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते. एकूण दहाच्या पुढे नाही. शिवाय पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा. उदाहरण घ्या: १ जुलै २०२३ ला नोंदणी असेल तर मूळ मुदत ३० जून २०२९, पुनर्नोंदणीने ३० जून २०३१, सवलत धरून ३० जून २०३३. पण यातलं काहीही आपोआप मिळत नाही. ‘देता येईल’ असं लिहिलंय, ‘मिळेल’ असं नाही. मुदत संपण्याआधी मार्गदर्शकाच्या शिफारशीसह अर्ज विद्यापीठात पोहोचला पाहिजे. होतं काय, बाळंतपणात गेलेल्या मुलीला हे कोणी सांगत नाही, ती दोन वर्षांनी विचारायला येते तोवर नोंदणी संपलेली असते, आणि कार्यालय म्हणतं आता काही होणार नाही. म्हणून हे काम मुलीवर सोडू नका. विभागात प्रत्येक संशोधकाच्या या तीन तारखा एका कागदावर लिहून ठेवा आणि मुदतीच्या सहा महिने आधी विभागानेच पत्र पाठवावं. आधीच्या नियमावलीखाली नोंदणी असेल तर ती वेगळी तपासा, सवलती तिथेही आहेत.

याच नियमावलीतलं आणखी एक कलम फारच थोड्यांना ठाऊक असतं. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने महिला संशोधकाला दुसरीकडे जावं लागलं तर तिचा संशोधनाचा डेटा नव्या विद्यापीठात नेता येतो. अटी दोन मुख्य: ते काम एखाद्या निधी संस्थेने मूळ संस्थेला किंवा मार्गदर्शकाला मंजूर केलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, आणि झालेल्या कामाचं श्रेय मूळ संस्थेला व मार्गदर्शकाला द्यावं. चिपळूणची मुलगी लग्न होऊन ठाण्याला किंवा बेळगावला गेली म्हणजे तिचं तीन वर्षांचं काम बुडालं, असं नाही. पण मार्गदर्शकाने प्रयोगवही आणि मूळ नोंदी अडवून ठेवल्या तर हे कलम कागदावरच राहतं. मार्गदर्शकांना हे स्पष्ट सांगणं तुमच्या अखत्यारीत आहे.

तारखा ठरवताना कोकणचं कॅलेंडरही बघा. सारांश सादर करायची किंवा अर्धवार्षिक सादरीकरणाची तारीख गणपतीच्या आठवड्यात टाकली तर चाकरमान्यांनी भरलेल्या घरात चूल कोणाकडे असते ते सांगायला नको. विभागाचं चर्चासत्र संध्याकाळी पाचला असेल तर ते अडीचला आणा. शेवटची सोयीची गाडी चुकते म्हणून मुली चर्चासत्राला बसत नाहीत, आणि ओळखी, सूचना, पुढच्या संधी सगळ्या त्या तासाभरातच मिळतात.

गर्भवती संशोधकेच्या बाबतीत दोन टोकं दिसतात: एक, कोणी काहीच बोलत नाही, दुसरं, ‘आता तू घरी बस.’ दोन्ही चुकीची. कामाची यादी काढा आणि रसायनागणिक ठरवा. प्लवक आणि चिखलातल्या जीवांसाठी फॉर्मॅलिन वापरता, ते कर्करोगकारक आहे आणि गर्भवतीने त्याच्या वाफेत बसणं टाळायलाच हवं. नमुने पक्के झाल्यावर दुसऱ्या कोणी धुराड्याखाली (वाफ ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये) पाण्याने नीट धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवले की ओळखण्याचं काम ती करू शकते, पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवून. ऊतींच्या कामातलं झायलीन, जेलसाठीचं इथिडियम ब्रोमाइड, जड धातू मोजण्यासाठी नमुने आम्लात विरघळवणं, ही कामं दुसऱ्याकडे द्या. मोजणी, ओळख, संख्याशास्त्र, लेखन तिच्याकडे. मात्र कामाची अदलाबदल करताना पहिला लेखक कोण हे त्याच दिवशी लिहून ठेवा. नाहीतर ‘मदत केली’ म्हणून तिचा निबंध दुसऱ्याच्या नावावर निघतो.

तासिका तत्त्वावरच्या मुलींबद्दल मला गोड बोलता येत नाही. फेलोशिप असेल तर कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठाला ४२,००० आहेत. ती नसेल तर तासाच्या हिशेबाने जे मिळतं त्यात नमुन्यांचा प्रवासखर्चही भागत नाही, आणि सुट्टीत तेही बंद. विभागप्रमुख म्हणून एक करता येतं: त्यांचे तास सलग तीन दिवसांत बांधा, आठवड्याचे उरलेले दिवस संशोधनाला मोकळे राहतील. सकाळी एक आणि दुपारी तीनला एक असा तास दिला की सबंध दिवस जातो. प्रसूती लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. आणि कंत्राटाची मुदत संपली म्हणून तो लाभ तोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. संस्था खळखळ करणार. तरी अर्ज लेखी द्यायला सांगा आणि पोच घ्या.

कायम प्राध्यापिकांचं एक प्रकरण मात्र आकड्यांसकट दाखवतो, कारण ही चूक अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडून नकळत होते. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी अध्यापनाची श्रेणी घेतलेल्या आणि नेमून दिलेल्या तासांच्या टक्केवारीवर ठरते: ८० आणि वर चांगली, ७० ते ८० समाधानकारक, ७० च्या खाली असमाधानकारक. समजा वर्षाचे ३२० तास. मॅडम सहा महिने प्रसूती रजेवर होत्या. उरलेल्या अर्ध्या वर्षात १६० पैकी १४० तास त्यांनी घेतले. फॉर्ममध्ये १४० भागिले ३२० केलं की ४३.७५ टक्के, असमाधानकारक, वर्ष वाया. नियम काय सांगतो? मंजूर रजेचा काळ मोजणीतून वगळायचा, उरलेल्या काळाचं मूल्यमापन करायचं आणि तेच पूर्ण काळाला लावायचं. म्हणजे १४० भागिले १६०, ८७.५ टक्के, श्रेणी चांगली. रजेमुळे पदोन्नतीत कोणतंही नुकसान होऊ नये असंही तिथेच लिहिलंय. गेल्या काही वर्षांचे फॉर्म काढून बघा. दुरुस्ती मागायला उशीर झाला असं समजू नका.

पाळणाघराचं लगेच सांगून टाकतो. प्रसूती लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते बंधनकारक आहे. तुमच्याकडे संख्या कमी असेल तर शेजारच्या शाळेबरोबर मिळून चालवा. निदान पाजणाऱ्या आयांसाठी कडी लागणारी एक स्वच्छ खोली आणि दूध ठेवायला फ्रिज एवढं तरी द्या.

विभागातली बिनहिशेबी कामं मोजा. पाहुण्यांचं स्वागत, रांगोळी, सूत्रसंचालन, हॉस्टेलची जबाबदारी, महिला विकास कक्ष, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली. वर्षभराचा तक्ता केला तर त्याच तीन मॅडमची नावं दिसतील, आणि यातल्या बहुतेक कामांना पदोन्नतीत धड गुण नाहीत. दर सत्राला नावं फिरवा, पुरुषांची नावंही त्यात टाका. रांगोळी बिघडली तर बिघडू दे.

निवड आणि शिफारसपत्र. २०१२ साली अमेरिकेत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला गेला, काहींना ‘जॉन’ नावाने, काहींना ‘जेनिफर’ नावाने. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर देऊ केले गेले, जेनिफरला २६,५०८. कमी लेखणाऱ्यांत स्त्री प्राध्यापकही होत्या. यावर उपाय उपदेशाचा नाही, कागदाचा आहे. मुलाखतीचे सहा-सात प्रश्न आणि प्रत्येकाचे गुण आदल्या दिवशी ठरवा, सगळ्यांना तेच विचारा, गुण जागच्या जागी लिहा. ‘लग्नाचं काय ठरलंय’, ‘मिस्टर कुठे असतात’ हे यादीत नसेल तर विचारलंही जाणार नाही. शिफारसपत्रात मुलींसाठी ‘मेहनती, नम्र, सर्वांशी मिळून-मिसळून वागणारी’ असं लिहायची आपल्याला सवय आहे. त्याऐवजी लिहा: ‘हिने खाडीच्या पाच जागांवर अठरा महिने स्वतः नमुने घेतले, जाळीचा आकार बदलण्याचा निर्णय तिचा होता, आणि त्यामुळे लहान जीवांची मोजणी शक्य झाली.’ अर्थात हे लिहिता येण्यासाठी ती खाडीत गेलेली असावी लागते.

राहिलं ११ फेब्रुवारीचं व्याख्यान. करा, हरकत नाही, नॅकच्या स्त्री-पुरुष समानतेच्या निकषाला (७.१.१) फोटोही लागतातच. फक्त विषय बदला. जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना १९३३ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी नकार आणि मग वर्षभराच्या अटींवर प्रवेश मिळाला, ही गोष्ट सगळ्या वक्त्या सांगतात आणि टाळ्या पडतात. त्या दिवशी पाहुण्यांना दोन तास देऊन मुलींचे प्रकल्प अर्ज तपासायला बसवा. संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आहे. वयाच्या आणि पात्रतेच्या अटी प्रत्येक जाहिरातीत वाचा. क्युरी मात्र फक्त स्त्रियांच्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना आहे, सहशिक्षण असलेल्यांनी त्यात वेळ घालवू नये.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट: थांबलेल्या पाच जणी. त्यांच्या नोंदणीच्या तारखा आधी काढा. दहा वर्षांच्या आतल्या असतील तर विद्यापीठाला विचारण्यासारखं आहे. फोन मार्गदर्शकाने नको, तुम्ही करा. ‘का सोडलंस’ असं विचारू नका. काय शिल्लक आहे ते सांगा: इतके नमुने, इतक्या नोंदी, इतकी मुदत, आणि आता जीप हॉस्टेलवरून किंवा तुझ्या घरून निघेल. फोन लावण्याआधी भांडारात जाऊन त्यांच्या बरण्या बघून घ्या. अल्कोहोल उडून गेलं असेल तर आजच भरा. बरणीवर मार्करने लिहिलेलं पुसलं गेलं असेल, पण आतल्या ट्रेसिंग पेपरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलेली जागा आणि तारीख अजून वाचता येईल.